अडीच ते साडेतीनच्या मधला माणूस

नाही, नाही, तुम्हीच सांगा! माणूस नाकात अख्खा रुमाल कोंबून दवाखान्यात बसलाय, शर्टावर रक्ताचे थेंब, डोळ्यापुढे काजवे चमकतायत, आणि समोरची बाई शांतपणे पेनाचं टोपण काढते आणि विचारते काय, तर म्हणे, "मिस्टर थॅडियस, या महिन्यात बदललं काय?"

काय बदललं? अहो बाई, शर्ट बदललाय! सकाळपासून दोनदा! बाकी काही नाही!

आता तुम्हाला पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा उगाच नर्सवर चिडलाय. माझ्या छातीत धातूची झडप आहे. सहा वर्षं झाली. चार्ल्सटनच्या मोठ्या इस्पितळात जाऊन बसवून घेतली. सगळं शांत असलं की तिची टिकटिक ऐकू येते, आमच्या चर्चमधे प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटले की पुढच्या बाकावरच्या बायका वळून घड्याळ शोधतात! तर त्या झडपेवर रक्ताची गुठळी बसू नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी. रोज. जन्मभर. आणि रक्त किती पातळ आहे ते बघायला महिन्याला एकदा नर्स ओडेसा ग्राइम्सपुढे बोट धरायचं. ती टोचते, थेंब पट्टीवर घेते, पट्टी यंत्रात जाते, आणि यंत्रावर आकडा येतो. माझा आकडा अडीच ते साडेतीनच्या मधे पाहिजे. खाली गेला तर गुठळी, वर गेला तर रक्तस्राव. म्हणजे आयुष्यभर मी शाळेची बस चालवली, एकतीस वर्षं, एकदाही पट्टा ओलांडला नाही, आणि म्हातारपणी बघा, पुन्हा दोन पट्ट्यांच्या मधूनच चालायचंय!

आणि चाललो की! सहा वर्षं! दोन पूर्णांक आठ, तीन, दोन पूर्णांक नऊ, तीन... ओडेसाबाई म्हणायची, "मिस्टर थॅडियस, तुम्ही माझे सगळ्यात कंटाळवाणे पेशंट." मला काय अभिमान वाटायचा!

आणि त्या दिवशी यंत्रावर आकडा आला सहा पूर्णांक दोन.

बदललं काय? काहीच नाही!

"जेवणात?" ओडेसाबाई.

"नेहमीचंच."

"मिसेस व्हर्नेल कशा आहेत?"

"मजेत. डेट्रॉइटला आहे. तिच्या बहिणीचं कंबरेचं हाड मोडलं ना, तिकडे गेलीय."

पेन थांबलं. "कधी गेल्या?"

"पाच आठवडे झाले."

"आणि तुम्ही म्हणताय काही बदललं नाही?"

"अहो, बायको गावाला गेली, यात रक्ताचं काय बदललं? बायको काय व्हिटॅमिन आहे का?"

तर ती बाई चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमच्या बाबतीत आहे."

मला आधी वाटलं, चेष्टा करतेय. पण नाही हो! म्हणाली, रक्त गोठायला शरीराला व्हिटॅमिन के लागतं. आणि तुमची गोळी करते काय, तर नेमका त्या केच्या कामात खोडा घालते. मग के येतं कुठून? हिरव्या पाल्यातून. आणि हिरवा पाला तुमच्या घरात शिजवतं कोण?

आता बघा, व्हर्नेलची कोलार्डची भाजी! रविवारी सकाळी चढवते, ती चर्च सुटेपर्यंत मंद आचेवर. कोबीच्याच घराण्यातली, पण गड्डा न धरणारी, ही एवढाली पानं, आणि त्यात धुरावलेलं डुकराच्या तंगडीचं हाड... त्याची चरबी अशी रश्श्यावर तरंगते, आणि त्या रश्श्यात मक्याचा पाव बुडवून... जाऊ दे. ती भाजी रविवारी, मग उरलेली मंगळवारी, मग तळातली गुरुवारी. एक्केचाळीस वर्षं! डॉक्टरांनी माझ्या गोळीचं माप ठरवलं ते या भाजीसकट ठरवलं होतं, आणि मला पत्ताच नाही! व्हर्नेल गेली, भाजी गेली, के गेलं, गोळी मात्र तेवढीच राहिली. पाच आठवडे मी काय खाल्लं? सॉसेज. पांढरा पाव. कॉर्नफ्लेक्स. पिवळं चीज. हिरवं म्हणाल तर एकदा पावाच्या कडेला दिसलं होतं, पण ती बुरशी निघाली.

"बरं," ओडेसाबाई म्हणाली, "दुसरं कुठलं औषध चालू केलंत?"

"छे!"

"सर्दीखोकल्याचं? दुखण्याची गोळी? जडीबुटी?"

"नाही म्हटलं ना!"

आणि मी खोटं बोलत नव्हतो, देवाशपथ! कारण क्लिऑनची बाटली म्हणजे काय औषध आहे? ते तर व्हिटॅमिन!

क्लिऑन कोण? माझा मेहुणा. व्हर्नेलचा धाकटा भाऊ. चर्चसमोरच त्याचं केस कापायचं दुकान. तुम्हाला सांगतो, हा माणूस गप्प बसलेला मी कधी पाहिला नाही. कात्री चालते त्याच्या दुप्पट जीभ. आणि गेल्या वर्षापासून त्याने आरशाखाली बाटल्या मांडल्यात. कुठूनशा मागवतो आणि केस कापता कापता विकतो. तुम्ही खुर्चीत, गळ्याला कापड बांधलेलं, कानाशी वस्तरा... नाही म्हणायची हिंमत होते का कुणाची?

"थॅड, चेहरा बघ तुझा! माझी बहीण गेली आणि तू वाळलास. ही घे. ए, डी, ई, तिन्ही एका गोळीत. सकाळी एक, दुपारी एक, रात्री एक."

"अरे बाटलीवर रोज एक लिहिलंय."

"ते कंपनीला कोर्टात कुणी खेचू नये म्हणून लिहितात! व्हिटॅमिन कधी कुणाला बाधलंय का? जास्त झालं तर लघवीतून जातं बाहेर! आणि तेलकटाबरोबर घे हं, अंगी लागतं."

मग मी घेतल्या. तीन-तीन. सॉसेजबरोबर. दोन आठवड्यांनी डोकं दुखायला लागलं, ओठांची सालं निघायला लागली. क्लिऑनला सांगितलं. म्हणाला, "म्हणजे लागू पडतंय! आतलं विष बाहेर निघतंय!"

तर नाकातून रक्त निघालं.

त्या दिवशी डॉक्टर आले, नाकात औषधाचा बोळा घातला, रक्त पातळ करायची गोळी दोन दिवस बंद ठेवली. आणि ओडेसाबाई म्हणाली, "परवा येताना घरातलं जे जे तोंडात टाकता, ते सगळं पिशवीत घालून आणा. औषध असो, नसो. तुम्ही ठरवू नका. मी ठरवीन."

नेली पिशवी. तिने क्लिऑनची बाटली उचलली, पाठीमागचं बारीक अक्षर वाचलं... आणि तुम्हाला सांगतो, बस चालवताना मागच्या बाकावरच्या पोरांचा आवाज अचानक बंद झाला ना की मला जशी भीती वाटायची, तशी वाटली.

"तीन? रोज तीन?"

"जास्तीचं लघवीतून जातं म्हणे."

"कोण म्हणे?"

"मेहुणा."

"मेहुणा डॉक्टर आहे?"

"केस कापतो."

तिने पेन खाली ठेवलं आणि मला समजेल असं सांगितलं. म्हणाली, "मिस्टर थॅडियस, तुम्ही बसवाले. असं समजा, व्हिटॅमिन सी आणि बी, ही पोरं आपापल्या थांब्यावर उतरतात. पाण्यात विरघळतात, जास्तीची बरीचशी बाहेर. अर्थात त्यांचाही अतिरेक नकोच. पण ए, डी, ई आणि के हे चौघं चरबीत विरघळतात. ते सहजासहजी उतरत नाहीत. यकृतात, चरबीत बसून राहतात. आज तीन चढले, उद्या तीन, परवा तीन..."

मी म्हटलं, "बस भरली."

"भरली. ए जास्त झालं की डोकं दुखतं, ओठ सोलतात, यकृताला त्रास. डी जास्त झालं की रक्तात कॅल्शियम चढतं, मूत्रपिंडाला धोका. आणि ई एवढं घेतलं की आधीच पातळ असलेलं रक्त आणखी पातळ. तुमच्याकडे के उतरलं आणि ई चढलं, एकाच महिन्यात! आणि मला सांगताय काही बदललं नाही?"

मी बिचकत विचारलं, "पण व्हर्नेल घेते की डीची गोळी? तिला चालते?"

"त्यांच्या डॉक्टरांनी रक्त तपासून, मोजून दिलीय. हाडं ठिसूळ आहेत म्हणून. आठवड्याला एक म्हणजे एकच घेतात की नाही?"

घेते. रविवारी. कॅलेंडरवर फुली मारून. व्हर्नेलचं सगळं कॅलेंडरवर असतं, माझ्यासकट.

मग बाईने फर्मान काढलं. बाटली बंद. आणि, नीट ऐका हं, इथेच सगळा घोळ झालाय... ती म्हणाली, "पालेभाजी खा, पूर्वी खात होतात तेवढीच."

मी काय ऐकलं? "पालेभाजी खा."

पुढचं वाक्य कानाशी आलं होतं, पण आत गेलं नाही. नवऱ्यांचे कान असेच असतात, त्यात माझा काय दोष?

आठवड्याने आकडा आला तीन पूर्णांक दोन. शाबासकी मिळाली. पुढची तारीख दोन आठवड्यांनी. मी खुशीत रविवारी चर्चला गेलो आणि सिस्टर युला हॅगुडने दारातच अडवलं. आता ही सिस्टर म्हणजे नर्स नव्हे हं, आमच्या चर्चमधे बायकांना असंच म्हणतात; युला म्हणजे चर्चच्या स्वयंपाकघराची राणी. तिला काही सांगणं म्हणजे भोंग्यावर सांगणं. मी आपलं सहज बोललो की नाकातून रक्त आलं, पोटात पालेभाजी नव्हती म्हणून.

"पालेभाजी नव्हती?" सिस्टर युलाने छातीवर हातच ठेवला. "व्हर्नेलच्या नवऱ्याला पालेभाजी मिळेना आणि आम्ही इथे जिवंत?"

सोमवारी दारात तीन पातेली. मंगळवारी दोन. बुधवारी कोलार्ड, सलगमचा पाला आणि मोहरीचा पाला, तिन्ही एकत्र, वर टर्की पक्ष्याच्या मानेचे तुकडे. प्रत्येकीची पद्धत वेगळी, आणि प्रत्येकीला दुसरीच्या पातेल्याकडे बोट दाखवून विचारायचं असायचं, "कुणाची जास्त आवडली?" मी काय वेडाय खरं सांगायला? सगळ्यांची संपवायचो! सकाळी मक्याच्या कण्यांवर भाजी, दुपारी भाजी, रात्री भाजी, आणि झोपताना रस्सा पेल्यातून. आणि मनात काय समाधान! म्हटलं, थॅडियस, आयुष्यात पहिल्यांदा तू नर्सचं ऐकतोयस! व्हर्नेलला फोनवर सांगितलं, "तू अजिबात काळजी करू नकोस, मी अगदी पथ्यावर आहे." ती म्हणाली, "किती खातोस?" मी म्हटलं, "भरपूर!" तेवढ्यात तिच्या बहिणीने हाक मारली आणि फोन राहिला. राहिला नसता तर... जाऊ दे.

नऊ दिवस! नऊ दिवस मी पाला खाल्ला, आणि बदललं काय, असं मला त्या वेळी कुणी विचारलं असतं तर मी छाती काढून म्हटलं असतं, काहीच नाही, उलट सुधारलंय!

दहाव्या दिवशी क्लिऑनकडे केस कापायला बसलो. बाटल्या आरशाखालीच होत्या. मी त्याला सुनावलं होतं, पण त्याचं आपलं, "एका नर्सचं मत!" आणि मग तो बोलत होता, बेसबॉलवर, गावच्या महापौरावर, कुणाच्या तरी नव्या ट्रकवर... आणि मला वाटलं, याला सांगावं, क्लिऑन, मानेवर जरा जपून. मी तोंड उघडलं.

शब्द आला नाही.

गंमत नाही करत. क्लिऑन हा शब्दच सापडेना. समोर आरशात तो दिसतोय, चाळीस वर्षांच्या वर मी त्याला हाका मारतोय, आणि नाव जागेवर नाही. बोटं कापडाखाली होती, उजव्या हाताची, ती माझी वाटेनात. आणि आरशात पाहिलं तर ओठाचा एक कोपरा खाली उतरलेला. मला दिसत होतं, कळत होतं, आणि सांगता येत नव्हतं. बसमधे काच बंद असली की बाहेरचा माणूस ओरडताना दिसतो ना, आवाज येत नाही... तसा मी आत होतो.

आणि क्लिऑन गप्प झाला.

तुम्हाला सांगतो, त्या सगळ्यात मला कशाची जास्त भीती वाटली असेल तर त्याच्या गप्प होण्याची. त्याच्या हातातली कात्री खाली पडली. तो माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, "थॅड, माझं नाव सांग. सांग ना रे. माझं नाव काय?" मी म्हटलं, "क... क..." आणि हा सहा फुटी माणूस लहान पोरासारखा रडायला लागला, आणि रडत रडतच त्याने अँब्युलन्सला फोन केला, आणि पत्ता मात्र, खरंच सांगतो, बिनचूक दिला.

दवाखान्यात पोचेपर्यंत जीभ परत आली. पंधरा-वीस मिनिटांचा खेळ. डॉक्टर म्हणाले, छोटी गुठळी असावी, मेंदूकडे गेली आणि विरघळली, तुमचं नशीब थोर. आकडा? एक पूर्णांक तीन. पाल्यातल्या केने माझी गोळी पार लोळवली होती. बरं, रोज एवढ्या चरबीत शिजलेला पाला, म्हणजे अंगी लागायला काही कसर नको!

चार दिवस ठेवलं. पोटाची वळी धरून रक्त पातळ ठेवायच्या सुया टोचायच्या, सकाळ-संध्याकाळ, आकडा वर येईपर्यंत. ओडेसाबाई दुसऱ्या दिवशी आपली कामं आटपून वर आली. मला वाटलं, आता ओरडणार. मी आधीच म्हटलं, "बाई, तुम्हीच म्हणालात पालेभाजी खा."

ती ओरडली नाही. खुर्ची ओढून बसली. "मी म्हणाले तेवढीच खा," ती हळूच म्हणाली. "पण मी तुमच्याकडून ते परत म्हणवून घेतलं नाही. ती चूक माझी. आता म्हणा."

"काय?"

"म्हणा. ना जास्त, ना कमी. दर आठवड्याला सारखं."

मी म्हटलं, "ना जास्त, ना कमी. दर आठवड्याला सारखं."

"आणि नवीन काहीही तोंडात टाकायच्या आधी?"

"तुम्हाला विचारायचं."

"व्हिटॅमिन असलं तरी?"

"असलं तरी."

डोळे पुसले का तिने, मला माहीत नाही, चष्मा काढला होता एवढं खरं. मला कसंतरीच झालं. बाईला माझा कंटाळा यायला पाहिजे, रडू नाही.

व्हर्नेल त्याच संध्याकाळी डेट्रॉइटहून आली. बहिणीला वॉकर धरून चालता यायला लागलं होतं, म्हणून निघू शकली. खोलीत आली, माझ्या कपाळावर हात ठेवला, बराच वेळ काढला नाही, आणि मग पहिलं वाक्य काय? "किती खाल्लीस म्हणालास? भरपूर?" मी म्हटलं, "सिस्टर युलाने..." "युलाशी मी बोलून आलेय," ती म्हणाली. काय बोलली मला ठाऊक नाही, पण त्यानंतर आमच्या दारात पातेलं आलेलं नाही.

आता घरात मापाचा कप आहे. रविवार, मंगळवार, गुरुवार, एकेक कप, सपाट, वर डोंगर नाही. पाहुणे आले तरी तेवढीच, ईस्टर असला तरी तेवढीच. गेले तीन महिने आकडा दोन पूर्णांक नऊ. ओडेसाबाई पुन्हा "बदललं काय?" विचारते, आणि आता मी डोकं खाजवून सगळं सांगतो. चहाचा डबा नवा आणला. दंतवैद्याकडे गेलो. कुत्र्याचं अन्न बदललं. ती म्हणते, कुत्र्याचं नको, मिस्टर थॅडियस. मी म्हणतो, मी ठरवणार नाही, तुम्ही ठरवा!

क्लिऑनने बाटल्या काढल्या. कुणी सांगितलं नाही, त्यानेच खोक्यात भरल्या आणि औषधांच्या दुकानात नष्ट करायला देऊन आला. आरशाखाली आता नुसते कंगवे आहेत. पण त्या दिवसापासून माणूस धसकलाय हो. रोज सकाळी सातला फोन. रोज! दात घासायच्या आधी!

"थॅड, माझं नाव सांग."

"अरे मूर्खा, झोपू दे."

"नाव सांग. पूर्ण."

"क्लिऑन."

"पूर्ण!"

गेल्या मंगळवारी मला आली चेष्टा करायची लहर. म्हटलं, सांगूनच टाकू काहीतरी. म्हणालो, "तुझं नाव... मार्गारेट." आणि हसत फोन ठेवला. अहो, मोजे चढवतोय तोवर दारात अँब्युलन्स! मागून क्लिऑन, एका पायात चप्पल, हातात वस्तरा, अर्ध्या गालावर साबण! त्याच्या मागे सिस्टर युला! शेजारपाजार गोळा! आणि दोन धट्टीकट्टी पोरं मला स्ट्रेचरवर झोपवतायत आणि मी ओरडतोय, गंमत केली रे, गंमत केली, तर त्यातला एक दुसऱ्याला म्हणतो, "सगळे असंच म्हणतात." व्हर्नेल पायरीवर उभी. दोन्ही हात कंबरेवर. नुसती बघत होती. मला तर सुया बऱ्या वाटल्या.

तेव्हापासून मुकाट्याने सांगतो. उठलो की फोन उचलायचा आणि म्हणायचं, "क्लिऑन एझीकिएल बर्क." तो म्हणतो, "देवाची कृपा," आणि ठेवतो. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, बायकोचं नावसुद्धा मी कधी असं रोज नेमाने घेतलं नाही... पण मेहुण्याचं घेतो. आडनावासकट.